एका सूक्ष्मक्वेसाराचे व्याकरण

गरुड तारकासमूहातील जीआरएस १९१५+१०५ हा क्ष-किरणांचा स्रोत १९९२ साली ग्रॅनाट या कृत्रिम उपग्रहाने प्रथम टिपला. सूर्याच्या सुमारे बारापट वस्तुमानाचे एक कृष्णविवर आणि त्याचा सहचर तारा असे हे युग्म असून त्याचा भ्रमणकाल जवळजवळ ३४ दिवसांचा आहे. ताऱ्यापासून ओढले जाणारे द्रव्य कृष्णविवराभोवती तबकडीच्या रूपाने फिरते, तापते आणि क्ष-किरण उत्सर्जित करते. यातून निघणारे झोत प्रकाशाहूनही शीघ्र सरकत असल्याचे भासतात, असे मिराबेल व रॉड्रिगेझ यांनी १९९४ मध्ये दाखविले. हा अर्थातच दृष्टिभ्रम होय. परंतु झोताचा खरा वेग प्रकाशवेगाच्या निकट असल्यावाचून तो संभवत नाही. दूरस्थ क्वेसारांचे हे लघुरूप, म्हणून त्यास सूक्ष्मक्वेसार म्हणावयाचे.

भाषेच्या अभ्यासकाने या प्रांतात डोकावावे, याला कारण आहे. या स्रोताचे तेज कधी स्थिर असते, कधी मिनिटाच्या आसपास अंतराने हृदयासारखे स्पंदन पावते, तर कधी एकाएकी खाली कोसळते. बेलोनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली १६३ निरीक्षणे तपासून या वर्तनाचे बारा वर्ग पाडले व त्यांना ग्रीक अक्षरे दिली. पुढे त्यांत आणखी दोहोंची भर पडली. परंतु मोलाची गोष्ट वर्गांची संख्या नव्हे. हे सारे वैचित्र्य अ, ब, क अशा तीनच मूळ अवस्थांच्या क्रमांतून सिद्ध होते, हे त्यांनी दाखविले. ‘क’मध्ये तबकडीचा अंतर्भाग दिसेनासा होतो, ‘अ’ व ‘ब’मध्ये ती पूर्ण दिसते, पैकी ‘ब’ अधिक तेजस्वी. आणि ‘ब’कडून ‘क’कडे थेट जाता येत असले, तरी ‘क’कडून ‘ब’कडे थेट संक्रमण त्यांना आढळले नाही; मध्ये ‘अ’ यावाच लागतो. मराठीत ‘ळ’ व ‘ण’ शब्दारंभी येत नाहीत, तशातलाच हा निर्बंध म्हणावयास हरकत नाही.

झोतांचा संबंध मुख्यतः ‘क’शी. १९९७ सालच्या एकत्रित निरीक्षणांत असे दिसले की, क्ष-किरणांचे तेज काही मिनिटे खालावून पुन्हा उसळले की अवरक्त प्रकाशात आणि तदनंतर रेडिओ-लहरींत उद्रेक होतो. तबकडीच्या आतील काही द्रव्य झोतरूपाने बाहेर फेकले जाते, असा याचा अर्थ लावण्यात आला. याच वर्षी, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा सहभाग असलेल्या भारतीय उपग्रहावरील उपकरणानेही या स्रोताचे स्फोट नोंदविले होते.

मात्र व्याकरण म्हणजे कारणमीमांसा नव्हे. द्रव्यपात फार मोठा असता प्रारणाच्या दाबाने तबकडी अस्थिर होते, हे रूढ स्पष्टीकरण. परंतु २०११ मध्ये आयजीआर जे१७०९१-३६२४ या पुष्कळच मंद भासणाऱ्या स्रोतातही तीच स्पंदने सापडली. तो स्रोत अतिदूर तरी असला पाहिजे, अथवा हे स्पष्टीकरण अपुरे तरी. मला दुसरा पर्याय अधिक संभवनीय वाटतो.

मूळ स्रोत स्वतः २०१८ पासून क्ष-किरणांत मंदावला. रेडिओ-उद्रेक मात्र त्यानंतरही होत राहिले. त्यावरून द्रव्यपात थांबलेला नसून मध्ये आलेल्या दाट वायूने क्ष-किरण अडविले असावेत, असे अनेक संशोधक मानतात.