हरभऱ्याचे उत्पन्न कसे वाढेल?



बुऱ्हाणपूर म्हटले की केळी आणि कापूस. हरभऱ्याच्या वाट्याला उरलेली जमीन आणि उरलेले लक्ष येते. घरात मात्र डाळ रोज लागते. २०१५ साली तूरडाळ किलोमागे दोनशे रुपयांच्या घरात गेली, ते दिवस पालकांना आठवत असतील. म्हणून रब्बीच्या पेरणीआधी या विषयावर चार शब्द.

केळीला भरपूर पाणी आणि युरिया देण्याची आपल्या हाताला सवय आहे. हीच सवय हरभऱ्याला नडते. हरभऱ्याच्या मुळांवर गाठी असतात. त्यांतील रायझोबियम नावाचे जिवाणू हवेतील नत्र झाडाला मिळवून देतात. वरून युरिया जास्त पडला की गाठी कमी धरतात. पाणी जास्त झाले की झाड पाल्यानेच माजते, घाटे कमी लागतात. भारी काळ्या जमिनीत दोन पाणी पुरतात : पहिले फांद्या फुटताना, सुमारे ३० दिवसांनी, दुसरे घाटे भरताना, सुमारे ६० दिवसांनी. ऐन फुलोऱ्यात पाणी देऊ नये.

दुसरा शत्रू मर रोग. उभे झाड बघता बघता वाळते. या रोगाची बुरशी जमिनीत अनेक वर्षे जिवंत राहते. म्हणून त्याच शेतात दरवर्षी हरभरा घेऊ नये, मर लागलेल्या शेतातले बियाणे ठेवू नये आणि जाकी ९२१८ किंवा विजय यांसारखे मर रोगाला दाद न देणारे वाण निवडावे. पेरणीपूर्वी किलोमागे ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळावे. नंतर गुळाच्या थंड पाण्यात कालवलेले रायझोबियम, १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम, लावून बियाणे सावलीत सुकवावे व त्याच दिवशी पेरावे. खर्च थोडा, पण वेळ चुकली की वर्ष गेले.

मुलांनो, तीन कामे तुमची. दिवाळीच्या सुट्टीत घरच्या बियाण्याचे १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळा. आठवड्याने ८५ पेक्षा कमी उगवले तर वडिलांना सांगा, बियाणे बदलायला हवे. डिसेंबरात एक झाड मुळासकट अलगद उपटून गाठ कापून पाहा. आतून गुलाबी असेल तर ती काम करते आहे; पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. फुले लागल्यावर एक मीटर ओळीत घाटे अळ्या मोजा. एक-दोन दिसल्या तरी पुरे, ५ टक्के निंबोळी अर्काची फवारणी लगेच करायला सांगा. अळ्या टिपणाऱ्या पक्ष्यांना बसायला शेतात आडव्या फांदीच्या काठ्याही रोवा.

पालकांनी अधिक माहिती कृषी विज्ञान केंद्रात विचारावी. आम्ही शेतीतज्ज्ञ नाही. पण विज्ञानाच्या पुस्तकातील मुळांवरच्या गाठी जर आमच्या मुलांनी स्वतःच्या शेतात पाहिल्याच नाहीत, तर शिकवण्यात आमचीच उणीव राहिली असे आम्ही समजू. तिन्ही नोंदी वहीत लिहून आणाव्यात. आम्ही त्या वर्गात वाचून दाखवू.