‘सोडू नको’ नाही, ‘धर’ म्हणा!

निफाडच्या एका बांधकामावर शिकलेलं कम्युनिकेशन स्किल, जे कुठल्याच वर्कशॉपमध्ये मिळालं नाही

तुमच्या ऑफिसात कम्युनिकेशनसाठी काय काय आहे? ईमेल आहे, व्हॉट्सअॅपचे चार ग्रुप आहेत, दर सोमवारी मीटिंग आहे, वर्षातून एकदा लोणावळ्याच्या रिसॉर्टवर ‘टीम बिल्डिंग’ही होतं. तरीही डेडलाइन शुक्रवारी होती की सोमवारी, यावरून महिन्यातून एकदा तरी वाजतंच. बरोबर ना?

मग एकदा आमच्या निफाडला या. न्यायमूर्ती रानड्यांचं जन्मगाव म्हणून पाठ्यपुस्तकात भेटलेलं, आणि दर हिवाळ्यात ‘राज्यात सर्वात थंड’ म्हणून बातम्यांत झळकणारं निफाड. द्राक्षं आणि कांद्याच्या या तालुक्यात कुठे ना कुठे बांधकाम चालूच असतं. कुणाचं कोल्ड स्टोरेज, कुणाची कांदाचाळ, कुणाचा दुमजली बंगला. त्या वर्षी आमच्या घराच्या वरच्या मजल्याचं काम निघालं आणि मी सुट्टी टाकून महिनाभर तिथे राहिले. ‘साइट सुपरव्हिजन’ करायला गेले होते. प्रत्यक्षात चहा पोचवत होते आणि कान उघडे ठेवून बसले होते.

पंधरा माणसं, चार भाषा

आमच्या साइटवर रोज पंधराएक माणसं. गवंडी इथलेच, मराठी. बिगारी खानदेशातले, आपसात अहिराणी बोलणारे. लोखंड बांधणारे फिटर बिहारचे, त्यांची भोजपुरी. सेंटरिंगवाले पश्चिम बंगालचे. सगळ्यांना जोडणारी भाषा म्हणजे साइटची हिंदी. ती ऐकून हिंदीच्या बाईंनी कपाळावर हात मारला असता, पण स्लॅब तिच्यावरच उभा राहतो.

गंमत मापांची. इंजिनीअरच्या ड्रॉइंगमध्ये मिलिमीटर, मिस्त्रीच्या तोंडात सूत. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. १० मिलिमीटरची सळई म्हणजे ‘तीन सूत’, १२ची ‘चार सूत’, १६ची ‘पाच सूत’. ‘ब्रास’ तर बहुरूपीच. वाळूचा ब्रास म्हणजे १०० घनफूट आणि प्लास्टरचा ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. शब्द एक, माल वेगळा, बिल वेगळं.

आणि ‘कल’! हिंदीत कालही ‘कल’ आणि उद्याही ‘कल’. ‘कल पानी मारा?’ हा प्रश्न आहे, हुकूम आहे की तक्रार, हे बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचं. फोनवर चेहरा कुठून आणणार?

एका शब्दाचं अंतर

पहिल्याच आठवड्यात धडा मिळाला. सळयांचा बोजा दोरी आणि कप्पीने वर चढत होता. वरून कुणीतरी ओरडलं, “सोडू नको!” शेजारी मिक्सर घरघरत होता. दोरीवरच्या पोराला त्यातलं ‘सोडू’ तेवढं ऐकू आलं. त्याने सोडलं. बोजा खाली काम करणाऱ्या बिगाऱ्यापासून हातभर अंतरावर आदळला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण पुढची दहा मिनिटं कुणी बोललं नाही आणि त्या पोराचे हात संध्याकाळपर्यंत थरथरत होते.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी काम सुरू करण्याआधी सगळ्यांना गोल उभं केलं. म्हणाले, आजपासून ‘नको’ बंद. ‘सोडू नको’ नाही, ‘धर’ म्हणायचं. ‘पुढे येऊ नको’ नाही, ‘मागे हो’ म्हणायचं. ‘थांब’ही बाद, कारण मराठी ‘थांब’ म्हणजे थांबणं आणि हिंदी ‘थाम’ म्हणजे धरणं. गोंगाटात दोन्ही सारखेच. त्याऐवजी ‘स्टॉप’, तोही हात आडवा करून. शेवटचा नियम असा, की दोरीवाल्याला इशारा एकाच माणसाने द्यायचा. पण ‘स्टॉप’ कुणीही म्हणू शकतो आणि कुणीही म्हटलं तरी थांबायचं.

मोठ्या प्रोजेक्टवर क्रेनसाठी हाच नियम असतो, हे मला नंतर कळलं. सकाळच्या त्या गोलाला तिथे ‘टूलबॉक्स टॉक’ म्हणतात. बांधकाम कामगारांच्या १९९६च्या कायद्याने ५०० किंवा अधिक कामगारांच्या ठिकाणी सुरक्षा समिती सक्तीची केली. पण गावोगावच्या पंधरा माणसांच्या साइटचं काय? तिथे समिती म्हणजे मिस्त्री, आणि मिस्त्रींचं मिटिंगचं टेबल म्हणजे उलटं ठेवलेलं घमेलं.

त्या गोलात मिस्त्रींनी आणखी एक गोष्ट केली, जी मला तेव्हा फारशी महत्त्वाची वाटली नाही. स्लॅबवर पाणी मारणाऱ्या मावशींनाही बोलावलं. एरवी साइटवरच्या बायकांना सूचना मिळते ती नवऱ्यामार्फत किंवा मिळतच नाही. पाटी उचलायची, पाणी मारायचं, तिला काय सांगायचंय? मिस्त्री म्हणाले, दिवसभर स्लॅबपाशी असतं कोण?

लाल रंगातली तारीख

४ जानेवारीला स्लॅब पडला. संध्याकाळी मिस्त्रींनी भिंतीवर लाल ऑइलपेंटने ठळक लिहिलं, ‘स्लॅब ४, टेकू २५’. म्हणजे खालचे टेकू पंचवीस तारखेलाच काढायचे.

एकवीस दिवस कशाला? बांधकामाचं भारतीय मानक, आयएस ४५६, सांगतं की साडेचार मीटरपर्यंत गाळा असलेल्या स्लॅबचे टेकू सात दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवस तरी ठेवा. पण हा हिशेब तापमान १५ अंशांच्या खाली जाणार नाही, असं धरून केलेला. निफाडच्या जानेवारीत? रात्री तर शेकोटीपासून कुणी हलत नाही. थंडीत काँक्रीटची ताकद हळू वाढते. आमचा हॉल मोठा, म्हणून मिस्त्रींनी आठवडा वाढवून धरला.

बारा तारखेला मिस्त्री नाशिकला गेले होते. जाताना त्यांनी सेंटरिंगच्या ठेकेदाराला फोनवर सांगितलं, “बीमच्या बाजूच्या प्लेटा खोलून घ्या.” बाजूच्या प्लेटा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही निघतात, त्यात धोका नाही. ठेकेदाराने मुकादमाला सांगितलं, मुकादमाने पोरांना. दोन तोंडं फिरेपर्यंत ‘बाजूच्या’ हा शब्द वाटेत गळाला. पोरांपर्यंत पोचलं ते एवढंच, ‘प्लेट खोलो’. त्यांना दुसऱ्या साइटवर प्लेटा हव्याच होत्या. दोघं खाली शिरले आणि पहिल्या टेकूवर हातोडा उगारला.

मावशी वर पाणी मारत होत्या. खालून ठोकल्याचा आवाज आला तशा पाइप टाकून धावत खाली आल्या. त्यांना वाचता येत नाही. पण लाल रंगाचा अर्थ त्यांना गोलात उभं करून, तोंडावर सांगितलेला होता. हात आडवा करून त्या म्हणाल्या, “स्टॉप! आधी मिस्त्रीला फोन लावा.”

फोन लागला. पलीकडून मिस्त्रींचा आवाज स्पीकर न लावताही आम्हाला ऐकू आला.

आठव्या दिवशी, त्या थंडीत, टेकू निघाले असते तर काय झालं असतं? कदाचित काहीच नाही. कदाचित दोन पोरं त्या स्लॅबखाली असती. बाबा आजही त्या हॉलमध्ये सोफ्यावर बसून पेपर वाचतात आणि मावशींना दिवाळीचा फराळ पहिला जातो.

फोनवर झालेला बदल

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत १७ जुलै १९८१ला हयात रीजन्सी हॉटेलच्या लॉबीतले टांगते पूल कोसळले आणि ११४ जणांचा जीव गेला. मूळ डिझाइनमध्ये दोन्ही पूल एकाच अखंड सळईवर लटकणार होते. काम सोपं व्हावं म्हणून एका सळईच्या दोन झाल्या आणि वरच्या पुलाच्या जोडावर दुप्पट भार आला. बदल कुणी सुचवला, फोनवर होकार मिळाला की नाही, हिशेब कुणी तपासायचा, यावर नंतर बराच वाद झाला. शिकलेले इंजिनीअर, पक्की ड्रॉइंग्ज, सगळ्यांची इंग्रजी उत्तम. तरी प्रत्येकाला वाटलं, ‘त्याने बघितलं असेल.’

ओळखीचं वाटतंय ना हे वाक्य? आपल्या ऑफिसात ते रोज ऐकू येतं. आपल्याकडे फक्त छत पडत नाही.

साइटवरून ऑफिसात

सुट्टी संपवून परतल्यावर मी पाच सवयी सोबत आणल्या. बघा जमतात का.

• ‘काय करू नको’ ऐवजी ‘काय कर’ ते सांगा. ‘उशीर करू नकोस’ पेक्षा ‘चारपर्यंत पाठव’ बरं.

• ‘उद्या’, ‘लवकरच’, ‘नेक्स्ट वीक’ विसरा. तारीख सांगा आणि सगळ्यांना दिसेल अशी लिहा.

• ऐकणाऱ्याकडून परत म्हणवून घ्या. ‘कळलं का?’ला सगळेच ‘हो’ म्हणतात. ‘काय करणार ते सांग’ असं विचारा.

• निरोप तिसऱ्यामार्फत जाणार असेल तर महत्त्वाचा शब्द लेखी द्या. गळतो तो नेमका तोच.

• ‘स्टॉप’ म्हणायचा हक्क सगळ्यात ज्युनिअर माणसालाही द्या. आणि त्याने तो वापरला की आधी थांबा, मग वाद घाला.

भिंतीला नंतर रंग दिला. पण जिन्याखालच्या कोपऱ्यात ‘टेकू २५’ अजून तसंच आहे. बाबांनी पेंटरला तेवढी जागा सोडायला लावली. ‘पुसू नको’ नाही म्हणाले हं. ‘राहू दे’ म्हणाले.