मालेगावचा सुपरमॅन

मालेगाव म्हटले की यंत्रमागांचा खडखडाट आठवतो. शुक्रवारी माग बंद असतात आणि कामगारांना सिनेमाचे वेड. या शहरात व्हिडिओ पार्लर चालवणारे शेख नासिर यांनी दोस्तांना जमवून २००० साली ‘मालेगाव के शोले’ हा विनोदी चित्रपट काढला. पुढे त्यांनी सुपरमॅनला हात घातला.

सुपरमॅन झाले शफीक शेख. पेशाने यंत्रमाग कामगार, अंगाने अगदी काडी. निळ्या पोशाखावरच्या चड्डीचा नाडा पुढे लोंबत असे. पैसा नव्हता, म्हणून क्रेनचे काम बैलगाडीने केले आणि ट्रॉलीचे सायकलने. सुपरमॅनला उडवायचे ते हिरव्या कापडासमोर. एकदा कॅमेराच पाण्यात पडला. तरीही चित्रपट पुरा झाला. फैझा अहमद खान यांनी या खटाटोपावर काढलेला माहितीपट देशोदेशी पाहिला गेला. अलीकडे रीमा कागती यांनीही याच मंडळींवर ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ काढला.

हा माहितीपट २०१२ साली आपल्याकडच्या चित्रपटगृहांत लागला, तेव्हा शफीकभाई हयात नव्हते. तोंडाच्या कर्करोगाने २०११ मध्ये त्यांचे निधन झाले होते.

तंबाखू, गुटखा आणि सुपारी ही आपल्याकडे या रोगाची मोठी कारणे आहेत. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरी पुडी मिळतेच. पाळीत जागे राहायला, भूक मारायला कामगार ती तोंडात टाकतो आणि घरातली पोरे ते पाहत असतात.

म्हणून घरच्यांनी लक्ष ठेवावे. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसतो का? दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम आहे का? एकावर एक धरलेली तीन बोटे तोंडात मावत नाहीत का? यांपैकी काहीही असले तर दुखण्याची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे. सुरुवातीला हा रोग बहुधा दुखत नाही आणि बरा होण्याची आशा तेव्हाच सर्वाधिक असते.

शफीकभाईंजवळ कोणतीही अचाट शक्ती नव्हती. लोक हसतील हे ठाऊक असूनही ते तो पोशाख घालून उभे राहिले. खिशातली पुडी काढून कचऱ्यात टाकायलाही अचाट शक्ती लागत नाही. ज्या घरातला बाप, भाऊ किंवा चाचा हे करील, त्या घरातल्या मुलांना सुपरमॅन शोधायला सिनेमात जावे लागणार नाही.