पांढऱ्या बगळ्याची पिसे फोटोत कशी टिकवावीत?

बगळ्याचा फोटो लॅपटॉपवर मोठा करून पाहिला की बहुतेक वेळा एकच तक्रार ऐकू येते: पक्ष्याचा आकार आहे, पण पिसे नाहीत. अंगाच्या जागी सपाट पांढरा डाग. मग विद्यार्थी विचारतात, कोणते सॉफ्टवेअर वापरू? पण या दोषाचे मूळ फोटो काढतानाच्या प्रकाशमापनात असते, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल म्हणजे पावसात ठेवलेले एक भांडे समजा. प्रकाश पडेल तसा त्यात विद्युतभार साठतो. भांडे काठोकाठ भरले की पुढचे पाणी सांडते, आणि किती सांडले हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. ही संपृक्तता. १४ बिटच्या नोंदीत कमाल आकडा १६,३८३. एका पिसावर मर्यादेच्या दीडपट आणि शेजारच्या पिसावर दुप्पट प्रकाश पडला, तरी दोन्हींची नोंद तीच. लाल, हिरवा, निळा यांपैकी एखादी वाहिनी भरायची राहिली असेल, तर सॉफ्टवेअर अंदाजाने थोडे काही परत आणते. तिन्ही भरल्या असतील तर ‘हायलाइट्स’चा स्लायडर खाली ओढून फक्त पांढऱ्या डागाचा राखाडी डाग होतो. उलट, फोटो एक स्टॉप काळसर आला तर तो नंतर उजळता येतो. किंमत म्हणून सावलीच्या भागात थोडा नॉइज वाढतो. हे दोन तोटे सारखे नाहीत. पांढऱ्या पक्ष्याच्या बाबतीत शंका आली तर चूक काळसर बाजूला होऊ द्या.

आता मीटर कसा फसतो ते पाहा. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम राखाडी आहे असे तो धरून चालतो. गडद पाण्यात लहानसा दिसणारा बगळा असेल, तर मीटरला मुख्यतः पाणीच दिसते. तो पाणी उजळायला जातो आणि बगळा जळतो. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे १ ते उणे १.७ ठेवून पाहा. तोच बगळा जवळ येऊन चौकट भरून टाकतो, तेव्हा मीटर पांढऱ्यालाच राखाडी करू पाहतो आणि फोटो काळवंडतो. तिथे दुरुस्ती अधिक बाजूला लागते. पक्षी तोच, ऊन तेच, दुरुस्ती मात्र उलट! म्हणून मोकळ्या उन्हात मी मॅन्युअल मोड सुचवतो. पक्षी पाण्यावरून उडून आकाशासमोर गेला तरी त्याच्यावर पडणारे ऊन बदलत नाही, मग एक्स्पोजर का बदलावे? सूर्य तुमच्या पाठीशी असताना स्वच्छ उन्हात आयएसओ ४००, एफ/८ आणि १/१६०० सेकंद हे सर्वसाधारण एक्स्पोजर येते. पांढऱ्या पिसांसाठी तिथून सुरू करून १/३२०० पर्यंत जा. ढग आले की पुन्हा मोजा.

प्रत्येक ठिकाणी पहिल्या दोन-तीन फोटोंनंतर हिस्टोग्राम पाहायची सवय लावा. उजव्या भिंतीला चिकटलेला उंच खांब दिसला तर एक्स्पोजर कमी करा. रोहित म्हणजे फ्लेमिंगो असतील, तर तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम पाहा; संध्याकाळच्या उन्हात त्यांची लाल वाहिनी आधी भरते आणि एकत्रित आलेखात ते लपून राहते. मोबाइलवर काढत असाल तर पक्ष्यावर बोट टेकवा आणि उजेडाचा स्लायडर खाली घ्या. तत्त्व तेच आहे.

दुसरा मोठा फरक कॅमेऱ्याच्या उंचीने पडतो. इथे शाळेतले समरूप त्रिकोण पुरतात. पक्षी १५ मीटरवर, त्याचे डोके पाण्यापासून ०.५ मीटरवर. तुम्ही उभे राहून १.५ मीटर उंचीवरून फोटो काढला, तर डोक्यामागे दिसणारे पाणी पक्ष्यापासून फक्त ७.५ मीटर मागे असते. बसून कॅमेरा ०.६ मीटरवर आणला की तेच अंतर ७५ मीटर होते. पार्श्वभूमी दहापट दूर गेली, म्हणून मऊ आणि धूसर झाली. महागडी लेन्स घ्यायच्या आधी गुडघे टेका! एक स्टॉप मोठे छिद्र असलेल्या लेन्सची किंमत पाहिलीत की हा उपाय अधिकच पटेल.

शटर स्पीडबद्दल थोडक्यात: उभ्या पक्ष्याला १/५०० चालते, मासा टिपणाऱ्या चोचीला १/२००० किंवा अधिक वेग लागतो.

संपादनात काय जपायचे? बगळे ओळखायच्या खुणा लहान असतात. लहान बगळ्याची चोच आणि पाय काळे, पण पावले पिवळी. मोठ्या बगळ्यात तोंडाची रेघ डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, मध्यम बगळ्यात ती डोळ्याखालीच थांबते. विणीच्या काळात गायबगळ्याच्या डोक्यावर आणि मानेवर बदामी छटा येते. ई-बर्डसारख्या संकेतस्थळावर तुमचा फोटो नोंदीचा पुरावा म्हणून जातो, तेव्हा याच खुणा तपासल्या जातात. व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर सरळ पिसांवर टेकवून बगळा ‘शुभ्र’ केलात तर सकाळचे ऊन जाते आणि गायबगळ्याची बदामी छटाही फिकटते. सॅच्युरेशन वाढवून रोहित गडद गुलाबी करणे तर मला सरळ चुकीचे वाटते.

रॉ फाइल डार्कटेबल किंवा रॉथेरपी या मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये उघडा. आधी हायलाइट्स थोडे खाली घ्या, मग फक्त पक्ष्यावर मास्क लावून स्थानिक कॉन्ट्रास्ट किंचित वाढवा. नॉइज कमी करणे पाण्यापुरते ठेवा. पिसांवर ते जोरात लावले की पिसे प्लास्टिकसारखी दिसतात. शार्पनिंगने चोचीभोवती पांढरी कड उमटली तर मागे या. पाण्यातले प्रतिबिंब पक्ष्यापेक्षा किंचित गडदच असते, तेव्हा ते पक्ष्याहून उजळ करू नका. क्रॉप करताना चोचीपुढे मोकळी जागा सोडा आणि प्रतिबिंबाचे डोके कापू नका.

भिगवणला उजनीच्या पाणलोटात किंवा चिलिकावर नावेतून जाल, तेव्हा उडत्या थव्याच्या फोटोसाठी नाव थव्यात घालायला नावाड्याला सांगू नका. चरत असलेला पक्षी उठवला की त्याचा खाण्याचा वेळ आणि ताकद दोन्ही जातात. वेदंतांगलसारख्या विणीच्या जागी तर अंतर अधिक ठेवा. घाबरून आई-बाप घरट्यावरून उठले की पिले उन्हात उघडी पडतात. पक्षी मान ताठ करून तुमच्याकडे पाहू लागला, चरणे थांबले, की तिथेच थांबा. तो पुन्हा चरू लागेपर्यंत कॅमेरा खाली ठेवून बसा. बऱ्याचदा तो आपणहून जवळ येतो.

सरावासाठी गावच्या तळ्यावर एकाच बगळ्याचे उणे २ पासून अधिक १ पर्यंत, एकेका स्टॉपच्या फरकाने चार रॉ फोटो काढा. चारही सॉफ्टवेअरमध्ये सारख्या उजेडावर आणा आणि मानेची पिसे शंभर टक्के आकारात शेजारी ठेवून पाहा.