मोटारीच्या स्प्रिंगांची निवड

नवी मोटार घेतल्यावर थोड्याच दिवसांत तरुण मालकाच्या मनात तिच्यात काही सुधारणा करण्याची इच्छा उत्पन्न होते. वळणावर गाडी एका अंगाला कलते, ब्रेक लावताच नाक खाली घालते. शर्यतीच्या मोटारी मात्र जमिनीला चिकटून, अंग न हलवता वळणे घेताना दिसतात. यावरून तो सहजच असे अनुमान काढतो की स्प्रिंगा जितक्या कडक आणि गाडी जितकी जमिनीलगत, तितका तिच्यावरचा ताबा अधिक. हे अनुमान निम्मे खरे आहे. आणि निम्म्या सत्यावर विसंबून पावसाळ्यात घाट उतरणे हे कुटुंबवत्सल माणसाला परवडणारे नाही.

मोटार रस्त्याला किती जागी टेकते, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. ती टेकते चार जागी, आणि प्रत्येक जागा साधारण तळहाताएवढी असते. वळणे, थांबणे, वेग घेणे या सर्व क्रिया त्या चार तळहातांच्या पकडीवर अवलंबून असतात. स्प्रिंगेचे पहिले कर्तव्य हे की रस्ता वर आला, खाली गेला, तरी टायरचा त्यावरील दाब शक्य तितका कायम राहावा. बसणाऱ्याला सुख देणे हे तिचे दुसरे कर्तव्य होय. सुदैवाने ही दोन कर्तव्ये बऱ्याच अंशी एकाच दिशेची आहेत.

स्प्रिंगेचा मूळ नियम इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक याने १६७८ साली विशद केला: जितका भार, त्या प्रमाणात ताण. समजा, एका चाकावर गाडीचे ३२० किलो वजन आहे आणि चाकाशी मोजलेला स्प्रिंगेचा कडकपणा सेंटिमीटरला २० किलो आहे. अशी स्प्रिंग त्या वजनाखाली १६ सेंटिमीटर दबेल, आणि धक्का बसताच गाडीचे ते अंग मिनिटाला सुमारे ७५ वेळा वरखाली होऊ पाहील. ही गती माणसाच्या संथ चालीच्या जवळची असल्याने शरीराला मानवते. स्प्रिंग दुप्पट कडक केली, तर हेलकावे दुप्पट होत नाहीत. ते सुमारे १०६ होतात. साध्या रस्त्यावर एवढी गती हाडे खिळखिळी करणारी ठरते. चतुर्थांशाने कडक केल्यास आकडा ८४ पर्यंत जातो, आणि गाडी चपळ वाटू लागली तरी प्रवासी तक्रार करीत नाहीत.

मग शर्यतीच्या मोटारींना फार कडक स्प्रिंगा का? कारण त्यांचा मार्ग गुळगुळीत असतो, आणि वेगाबरोबर वारा त्यांना खाली दाबीत असतो. खडबडीत रस्त्यावर कडक स्प्रिंगेचे चाक खळग्यात उतरण्याऐवजी त्यावरून उडी मारते, आणि जे चाक हवेत आहे त्याला पकड कसली? याउलट, १९४८ साली लोकांपुढे आलेल्या फ्रान्समधील सित्रोएन २सीव्ही या गाडीकडून अशी अपेक्षा होती की नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली नेली तरी एक अंडे फुटू नये. तिच्या स्प्रिंगा अत्यंत मऊ होत्या. वळणावर ती कमालीची कले, पण चाके रस्ता सोडीत नसत. १९६२ साली आलेली इंग्लंडची लोटस एलान ही तर खास चपळाईसाठी नावाजलेली गाडी. तिच्याही स्प्रिंगा मऊच होत्या. तिचे यश हलके वजन, चाकांच्या जोडणीची अचूक रचना आणि योग्य शॉक अ‍ॅब्सॉर्बर यांत होते.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. वळणावर आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांकडे सरकतो. गाडी कलते म्हणून भार सरकतो, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः तो गुरुत्वमध्याची उंची, दोन्ही बाजूंच्या चाकांतील अंतर आणि वळणाची तीव्रता यांवर ठरतो. स्प्रिंग कडक केल्याने त्यात विशेष घट होत नाही. गुरुत्वमध्य ५५ सेंटिमीटर उंच असताना गाडी अडीच सेंटिमीटर खाली बसवली, तरी सरकणारा भार सुमारे साडेचार टक्क्यांनीच कमी होतो. मात्र गाडी फार कलली म्हणजे टायरही तिरपा होतो आणि त्याची एक कडाच रस्त्याला लागते. ते कडक स्प्रिंग काही अंशी टाळते. वर म्हटलेले निम्मे सत्य ते एवढेच.

सरकणाऱ्या भारातला किती वाटा पुढच्या चाकांनी उचलावा आणि किती मागच्यांनी, हे मात्र स्प्रिंगाच ठरवतात, आणि निवडीचे खरे मर्म याच तोलात आहे. पुढची बाजू प्रमाणाबाहेर कडक झाली, तर पुढची चाके आधी पकड सोडतात आणि चक्र फिरवूनही गाडी सरळ जाऊ पाहते. मागची बाजू कडक झाली, तर शेपूट बाहेर निसटते. पहिल्या प्रसंगी वेग कमी करून सामान्य चालक सावरू शकतो. दुसऱ्या प्रसंगी सावरायला सराव लागतो आणि वेळ फार थोडा मिळतो. मुंबईच्या रस्त्यांवर २०२३ पर्यंत टॅक्सी म्हणून धावलेल्या प्रीमियर पद्मिनीला मागे पाटे असत. अशा गाडीला अधिक ओझे पेलावे म्हणून मागे एखादा पाटा वाढवण्याची रीत होती. ओझे असताना ती उपयोगी पडे. पण अशा तऱ्हेने ताठ झालेले मागचे अंग रिकाम्या गाडीत, ओल्या रस्त्यावर, दगा देऊ शकते.

पुढच्या-मागच्या स्प्रिंगांच्या नात्याला आणखी एक बाजू आहे. उंचवटा आधी पुढच्या चाकांना लागतो, मागच्यांना क्षणभराने. म्हणून मागच्या अंगाची आंदोलने किंचित जलद असावी लागतात. म्हणजे ती पुढच्यांना गाठतात आणि गाडी होडीसारखी डोलत नाही. मॉरिस ओली या इंग्रज अभियंत्याने १९३० नंतर अमेरिकेतील जनरल मोटर्समध्ये, गाडीच्या दोन्ही टोकांना हलवता येणारी वजने लावून, या प्रश्नाचा कसून अभ्यास केला. केवळ एकाच जोडीच्या स्प्रिंगा बदलणारा मनुष्य अशा अभ्यासाने साधलेला हा मेळ नकळत मोडून टाकतो.

प्रत्यक्ष निवड करताना पहिली पायरी म्हणजे काहीच न बदलणे. टायरमधील हवा, झिजलेले रबरी बुश, चाकांची दिशा आणि थकलेले शॉक अ‍ॅब्सॉर्बर ही आधी तपासावीत. पुष्कळदा रोग तेथेच सापडतो. त्यानंतरही स्प्रिंगा बदलायच्याच असतील, तर त्या त्याच गाडीसाठी बनवलेल्या व चारही चाकांचा एकत्र विचार करून ठरवलेल्या असाव्यात. तारेच्या जाडीतील लहान फरक फसवा असतो. तार दहा टक्के जाड झाली, तर इतर मापे तीच असूनही कडकपणा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो. त्यातून स्प्रिंग चाकाच्या निम्मीच हलत असेल, तर तिच्या कडकपणाचा केवळ चतुर्थांश चाकाला जाणवतो. म्हणून एका गाडीचे आकडे दुसरीला लावू नयेत.

गाडी खाली बसावी म्हणून स्प्रिंगेचे वेढे कापणे हा तर सर्वांत घातक उपाय होय. आठ वेढ्यांचे सहा केले, की स्प्रिंग तिसऱ्या हिश्शाने कडक होते, तिचे टोक बैठकीत नीट बसत नाही, आणि दबण्यास जागाही कमी उरते. ती जागा संपली की गाडी रबरी ठोकळ्यावर आदळते आणि त्या क्षणी टायरची पकड एकाएकी ढळते. कडक स्प्रिंगेला तिचे हेलकावे आवरणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बरही त्याच मानाने जोरकस हवा. नाही तर ती चाकाला रस्त्यावर नाचवीत राहते.

आपल्याकडील रस्त्यांचाही विचार केला पाहिजे. इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ साली गतिरोधकासाठी १० सेंटिमीटर उंची आणि ३.७ मीटर रुंदी सुचवली. परंतु गावोगावचे गतिरोधक हे माप पाळतातच असे नाही. याखेरीज १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम, नोंदणीपत्रातील तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करू देत नाही. तेव्हा आधी परिवहन कार्यालयात चौकशी करणे आणि विमा कंपनीला कळवणे शहाणपणाचे ठरते.

उत्तम स्प्रिंग म्हणजे सर्वांत कडक स्प्रिंग नव्हे. भरलेल्या गाडीला ठोकळ्यावर आदळू न देणारी, टायर फार तिरपा होऊ न देणारी, आणि एवढे साधून शक्य तितकी मऊ राहणारी स्प्रिंग उत्तम. तिची परीक्षा गुळगुळीत महामार्गावर होत नाही. ती होते पावसात, उखडलेल्या वळणावर, मागे मुले झोपली असताना. आणि तेथे चारही तळहात रस्त्यावर टेकलेले राहिले, तर निवड योग्य झाली असे समजावे.