एकाच जागेवरून, वर्षातून दोनदा: राखलेल्या रानाचा फोटो कसा काढावा



मागे एका अंकात मी पाठवलेला फोटो छापून आला होता. बालाघाटच्या उतारावरची उघडी झाडे आणि खाली करडी माती. तो पाहून एका मंडळीच्या वडिलांनी मला विचारले, "इतकी वर्षे रान राखले म्हणता, मग एक पानही दिसत नाही ते कसे?" चूक माझी होती. फोटो मे महिन्यातला होता आणि मी त्याखाली महिना लिहिला नव्हता.

धाराशिवकडचे रान पानगळीचे आहे. पळस, धावडा, सालई ही झाडे उन्हाळ्यात पाने टाकतात, पाऊस पडला की पुन्हा हिरवी होतात. म्हणून मे महिन्यातला फोटो पाहणाऱ्याला सगळे मेल्यासारखे वाटते, तर सप्टेंबरमधल्या फोटोत नुसते गवत माजलेला माळसुद्धा जंगल वाटतो. एकच फोटो दाखवला, तर दोन्ही वेळा आपण नकळत खोटे सांगतो.

हे महत्त्वाचे आहे, कारण आपल्या जिल्ह्यात वनाच्छादन एका टक्क्याहूनही कमी आहे. जे थोडे उरले आहे, त्याची साक्ष नीट ठेवावी लागते. येडशी रामलिंग घाट अभयारण्य जेमतेम २२ चौरस किलोमीटरचे. तिथे वनखात्याच्या कॅमेरा ट्रॅपमध्ये डिसेंबर २०२४ मध्ये वाघ टिपला गेला. पट्ट्यांची जुन्या फोटोंशी तुलना केल्यावर तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत आल्याचे कळले. ओळख पटली ती जुना फोटो नोंदीसह जपून ठेवला होता म्हणून. झाडांचेही तसेच आहे.

आमचे कार्यकर्ते आता ही पद्धत पाळतात:

१. जागा ठरवा. न हलणारा मोठा दगड किंवा हद्दीचा खांब निवडा. दर वेळी तिथेच उभे राहा, मोबाइल छातीच्या उंचीवर आडवा धरा, झूम करू नका.

२. मागचा फोटो सोबत ठेवा. डोंगराची कड आणि एखादे ओळखीचे झाड त्याच्याशी जुळवून घ्या.

३. वर्षातून दोनदा काढा, मेच्या सुरुवातीला आणि पाऊस सरल्यावर ऑक्टोबरमध्ये. तुलना मात्र मेची मेशी आणि ऑक्टोबरची ऑक्टोबरशीच करा.

४. चौकटीत फूट-फुटावर रंगवलेली काठी उभी करा. रोप गुडघ्याएवढे की डोक्याएवढे, ते काठीवरून समजते.

५. सकाळी ऊन कोवळे असताना, सूर्य पाठीशी ठेवून काढा. दुपारच्या उन्हात झाडाखाली नुसते काळे-पांढरे ठिपके येतात.

६. तारीख, जागा आणि दिशा त्याच दिवशी वहीत लिहा.

मे महिन्याचा फोटो टाकाऊ नाही, उलट तोच जास्त सांगतो. पाने नसल्यामुळे पाणी अडवायला खणलेले समतल चर दिसतात. तोडलेले खुंट मोजता येतात. त्या खुंटांतून फुटवे आले आहेत की शेळ्यांनी खाल्ले, तेही कळते. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी खरोखर पाळली गेली का, याचे उत्तर तिथेच मिळते. ऑक्टोबरमध्ये हे सारे गवताखाली झाकलेले असते.

आता परवानगीबद्दल. अभयारण्यात फोटो काढायला जायचे, तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार परवाना लागतो. तो आधी वनखात्याकडून घ्यावा. पण दुसरी एक परवानगी मला एका पारधी ताईने शिकवली. ती सरपणाची मोळी घेऊन येत होती. रानाच्या कडेला, डोक्यावर मोळी, फोटो सुंदर आला असता. मी मोबाइल वर केला तशी ती थांबली. "दादा, ह्यो फोटू कुणाकुणाला दाखवनार?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारध्यांची नावनिशी नोंद होई, हजेरी लागे. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण कुणीतरी आपली नोंद घेतो आहे ही भीती गेली नाही. शिवाय मोळीचा फोटो उद्या तिच्याच विरुद्ध पुरावा ठरू शकतो. मी मोबाइल खिशात ठेवला. तेव्हापासून विचारल्याशिवाय माणसाचा फोटो काढत नाही, आणि सरपण, सीताफळे किंवा डिंक गोळा करणाऱ्यांचे चेहरे छापायला देत नाही.

त्या ताईचा मुलगा आता आमची रंगवलेली काठी धरतो. कुठल्या खुंटाला फुटवा आला, ते तो मला माझ्या आधी दाखवतो.

यापुढे या पत्रिकेत रानाचा फोटो दिसला, तर त्याखाली महिना आणि वर्ष आहे का, ते पाहा. नसेल तर आम्हाला जरूर विचारा. तुमच्या देणगीतून काय उगवले हे जाणण्याचा तुम्हाला हक्क आहे, आणि ते जसे आहे तसे दाखवणे हे आमचे काम. या कामाची प्रार्थनेत आठवण ठेवा.