पहिलीच बाईक, तीही सेकंड-हँड क्रूझर?

पहिली बाईक घ्यायला निघालो तेव्हा माझ्या डोक्यात एकच खूळ होतं: क्रूझर. सीट बुटकी, पाय जमिनीला टेकतात, म्हणजे नवख्याला सोपी, असं वाटायचं. ते अर्धंच खरं. मीटिओर ३५० चं वजन १९१ किलो भरतं. अॅव्हेंजर २२० त्यापेक्षा बरीच हलकी. म्हणून आधी इंजिन बंद ठेवून गाडी हाताने मागे-पुढे ढकलून बघा. तिथेच घाम फुटला, तर पार्किंगमध्ये रोज फुटणार.

दुसरं, मालकाला सांगून ठेवा, ‘मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका.’ गेल्यावर इंजिनला हात लावा. गरम लागलं, तर सकाळी स्टार्ट न होण्याची खोड लपवलेली असू शकते. फोर्कच्या सीलमधून तेल गळतंय का, स्प्रॉकेटचे दात झिजलेत का, तेही बघा.

आणि कागद! एक गाडी मला इतकी आवडली की टोकन द्यायला फोन काढला होता. मित्र म्हणाला, ‘आरसी बघ रे.’ बघतो तर हायपोथिकेशन, आणि बँकेची एनओसी मालकाकडे नाही. माझे पैसे गेले असते, गाडीवर बोजा तसाच राहिला असता.

तेव्हा चेसिस नंबर आरसीशी जुळवा, थकलेली ई-चलानं तपासा, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या, मगच पैसे. हो, हेल्मेटचे पैसे आधीच बाजूला काढा!

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.